पाव्हणं, आडनाव काय?

इंदापूर तालुक्यातल्या कळसच्या फाट्यावर चहाच्या टपरीत अनोळखी माणूस टेकला की पहिला प्रश्न येतो, "गाव कुठलं?" मग, "कुणाच्यात आलाय?" आणि तिसरा, आवाज जरा उतरवून, "आडनाव?" तीन उत्तरांत पाहुण्याचा तालुका, भावकी, जात आणि बहुतेक वेळा पक्षसुद्धा कळलेला असतो. विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. उत्तर सोयीचं निघालं तर चहाचे पैसेही तोच देतो.

वंशभेद म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते, दक्षिण आफ्रिका आठवते. पण २०१२ च्या ऑगस्टमध्ये अफवा आणि मारहाणीच्या काही घटनांनंतर आपल्याच पुण्यातून ईशान्य भारतातली हजारो मुलंमुली जीव मुठीत धरून गुवाहाटीच्या गाडीत बसली होती. एरवीही मणिपूर, नागालँड, मिझोराम असा भेद आपण करत बसत नाही. सगळे आपले 'नेपाळी'. का, तर म्हणे 'सगळे सारखेच दिसतात'.

या 'सारखेच दिसतात'वर बराच अभ्यास झाला आहे. बारामती-इंदापूरच्या माळांवर मेंढरं चारणारा धनगर संध्याकाळी वाड्यावर आला की कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं हे न चुकता सांगतो. तुम्हाआम्हाला तिथे नुसता कळप दिसतो. डोळे त्याचेही तेच आणि आपलेही तेच, फक्त त्याचा सराव वेगळा. माणसांच्या चेहऱ्यांचंही असंच आहे. ब्रिटनमधल्या गोऱ्या कुटुंबांतल्या तान्ह्या बाळांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांची बाळं आफ्रिकी, चिनी, गोरा, अशा कोणत्याही गटातले दोन चेहरे वेगळे ओळखत होती. नऊ महिन्यांची झाली तोवर त्यांना फक्त गोऱ्या चेहऱ्यांतलाच फरक कळू लागला. घरात जे चेहरे रोज दिसतात तेवढेच मेंदू बारकाईनं शिकतो, बाकीच्यांची मोट बांधून टाकतो.

मग हे रक्तातलंच म्हणायचं का? फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या कोरियन मुलांनी त्याचं उत्तर दिलं. तीन ते नऊ वर्षांची असताना ती गोऱ्या घरांत आली. मोठेपणी त्यांची चाचणी घेतली तेव्हा त्यांना गोरे चेहरे अधिक नेमके ओळखू येत होते आणि आशियाई चेहऱ्यांत त्यांचा गोंधळ उडत होता. म्हणजे ज्या चेहऱ्यांसारखा स्वतःचा चेहरा, तेच त्यांना 'सारखे' दिसत होते.

चेहऱ्याचा फरकही नसला तरी माणूस गट पाडतोच. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताज्फेल हा पोलंडमधला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रेंच सैन्यात होता आणि जर्मनांचा युद्धकैदी म्हणून वाचला. परतला तेव्हा घरचे बहुतेक सगळे मारले गेले होते. पुढे ब्रिस्टलमध्ये त्यानं चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले, ते १९७० साली गाजले. मुलांना सांगितलं, तुमच्यातल्या काहींना क्ले या चित्रकाराची चित्रं आवडली, काहींना कांडिन्स्कीची, म्हणून तुमचे दोन गट. खरं तर गट कसेही पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हेसुद्धा मुलांना माहीत नव्हतं. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा त्यांनी झुकतं माप 'आपल्या'ला दिलं. आणखी एक गोष्ट दिसली. आपल्या गटाला जास्तीत जास्त मिळावं यापेक्षा समोरच्यापेक्षा जास्त मिळावं याकडे त्यांचा ओढा होता, मग त्यात आपले चार पैसे बुडाले तरी बेहत्तर. बांधाच्या वीतभर जागेपायी एकर विकणाऱ्यांना हे शिकायला ब्रिस्टलला जायची गरज नाही.

भेद करायची खोड जुनी खरी. पण भेदाची रेघ कुठे ओढायची हे कोण ठरवतं? गेल्या शतकात काही शास्त्रज्ञांनी ती कवटीवर ओढायचा प्रयत्न केला आणि त्या प्रयोगशाळेत एक मराठी बाई जाऊन बसली होती. इरावती कर्वे १९२७ च्या सुमारास बर्लिनला गेल्या. कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक. वसाहतींतल्या माणसांची मोजमापं घेऊन वंशांची उतरंड लावणारा हा माणूस, आणि पुढे नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा मुलामा दिला तो याच संस्थेनं. इरावतीबाईंना विषय मिळाला कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा. गोऱ्यांच्या कवटीत हा फरक जास्त आणि त्यातच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचं मूळ, अशी गुरूची अटकळ. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असा काही संबंध आढळत नाही. पंचविशीही न उलटलेली विद्यार्थिनी, परका देश, परकी भाषा आणि समोर फिशरसारखा गुरू. मराठीत बाईंच्या 'युगान्त' या पुस्तकाबद्दल इतकं बोललं जातं, या कवट्यांबद्दलही बोललं जायला हवं.

पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी हीच मोजपट्टी घरच्या अंगणात लावली. कैलाश मल्होत्रांबरोबर महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या आठ पोटजातींची शरीरमापं आणि रक्तगट त्यांनी ताडून पाहिले. १९६८ साली निघालेल्या त्या निबंधात या पोटजाती एकाच मुशीतून निघालेल्या दिसत नाहीत. एका नावाखाली मोडणारी माणसं एका मुळाची असतीलच असं नाही.

आडनावाचा हिशेब मात्र रोखीत होतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या संशोधकांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, बदललं फक्त नाव. २००७ साली छापलेला निष्कर्ष असा : सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला मुलाखतीचं बोलावणं येण्याची संधी सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. अर्ज चाळणाऱ्यांपैकी कुणी स्वतःला जातीयवादी म्हणवून घेतलं असतं असं मला वाटत नाही.

आता पुन्हा आपल्या भागात येऊ. गाळप हंगाम सुरू झाला की या पट्ट्यात बीड, जालना, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. पडीक रानात कोप्या उभ्या राहतात, बांबू आणि ताडपत्रीच्या. पहाटेच्या थंडीत बाई-माणूस दोघंही फडात. या माणसांचा रंग आपलाच, भाषा आपलीच, देव आपलेच. पुष्कळांची जातही गावातल्या कुणा ना कुणाशी जुळते. तरी गावात त्यांची मोजणी होते ती 'किती कोयते आले?' अशी. एक कोयता म्हणजे एक जोडपं. गावात मोटार चोरीला गेली की पहिली नजर कोप्यांकडे जाते. किराणा दुकानात त्यांच्या पोराच्या हातांवर लक्ष ठेवलं जातं. इथे वंश नाही, धर्म नाही. आपण गावात राहतो आणि ते रानात, रेघ ओढायला एवढं पुरलं. अमेरिकेत २००६ साली झालेल्या एका अभ्यासात बेघर आणि व्यसनी लोकांची छायाचित्रं दाखवली, तेव्हा समोरच्याच्या मनाचा विचार करताना मेंदूचा जो भाग एरवी जागा होतो, तो पुरेसा जागाच झाला नाही. माणसाला कोयता म्हणून मोजणाऱ्याच्या डोक्यात काय चालत असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

पण याच शास्त्रात आशेचीही बाजू आहे. रॉबर्ट कर्झबन आणि सहकाऱ्यांचा २००१ सालचा प्रयोग पाहा. काळ्या-गोऱ्या खेळाडूंचे फोटो आणि त्यांची वाक्यं दाखवली, मग कोण काय बोललं ते विचारलं. लोक चुकताना एका काळ्याचं वाक्य दुसऱ्या काळ्याच्या नावावर टाकत. मात्र दोन्ही संघांत काळे-गोरे मिसळून त्यांना वेगवेगळ्या रंगांचे शर्ट घातले, तेव्हा चुका संघाप्रमाणे होऊ लागल्या आणि कातडीच्या रंगाचा पगडा चार मिनिटांच्या आत सैल झाला.

उत्तर प्रदेशच्या खेड्यांत मॅट लो या अर्थशास्त्रज्ञानं हेच क्रिकेटवर आजमावलं. निरनिराळ्या जातींच्या बाराशेहून अधिक तरुणांमधून काही संघ एकाच जातीचे केले, काही मिश्र. संघ आणि प्रतिस्पर्धी चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले. २०२१ मध्ये निकाल छापून आला. एका संघात खेळलेल्यांच्या इतर जातींत मैत्र्या वाढल्या, आपल्याच जातीला धरून राहणं कमी झालं. समोरासमोर उभे ठाकलेल्यांच्या बाबतीत मात्र बहुतांशी उलटं झालं. नुसतं एका मैदानावर येऊन भागत नाही. एका बाजूनं खेळावं लागतं.

आपल्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धांना तोटा नाही. संघ मात्र वस्तीवार, भावकीवार उतरतात, म्हणजे प्रयोगातली नेमकी उलटी बाजू आपण दरवर्षी बक्षीस लावून करतो. कळस, बोरी, लासुर्ण्याच्या मंडळांना एवढंच सुचवावंसं वाटतं की यंदा नावं एका डब्यात टाका आणि चिठ्ठ्या काढून संघ पाडा. कारखाना चालू असेल तर कोप्यांवरच्या पोरांची नावंही त्याच डब्यात टाका.