तीस, पंचवीस की वीस?

सहा गाड्यांपैकी चार मरारीच्या वंशजांना, दोन गेर्षोनाच्या वंशजांना आणि कहाथाच्या वंशजांना एकही नाही, इथे आपण गेल्या आठवड्यात थांबलो. आज गवयांकडे वळायचे ठरले होते. ते पुढे ढकलतो, कारण एका वाचकाने पत्रातून विचारलेला प्रश्न चार ओळींत उरकण्यासारखा नाही. लेवी सेवेला लागायचा तो कितव्या वर्षी? गणनेच्या चौथ्या अध्यायात 30 व्या वर्षी, त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात 25 व्या आणि पहिल्या इतिहासाच्या तेविसाव्या अध्यायात 20 व्या. नकलाकारांनी आकडे बिघडवले असावेत, असा पत्रलेखकाचा तर्क आहे. मला तो पटत नाही. लेवीचे काम कसे पालटत गेले, याचा माग या तीन आकड्यांतच लागतो.

आधी चौथा अध्याय. तिथे 30 ते 50 हे वय सांगितले आहे ते निवासमंडप उचलून नेणाऱ्यांचे. वरची मर्यादा सहज समजते. मरारीच्या वाट्याला 48 फळ्या, अडसर, खांब आणि चांदीच्या 100 बैठका होत्या. दर बैठकीला एक किक्कार, म्हणजे तीसएक किलो चांदी; सगळी मिळून सुमारे तीन टन. गाड्या असल्या तरी भरणे-उतरवणे हातांनीच होते. पन्नाशीनंतर हे काम नको, हे कोणीही मान्य करील. पण खालची मर्यादा 30 का? प्रश्न निव्वळ ताकदीचा असता तर 20 पुरले असते. लढाईला जाणाऱ्यांची शिरगणती गणनेच्या पहिल्या अध्यायात विसाव्या वर्षापासूनच होते. उत्तर कहाथाच्या खांद्यावर आहे. कोश, मेज, दीपवृक्ष, वेद्या हे सारे अहरोन आणि त्याचे मुलगे झाकून देत. त्याआधी त्या पवित्र वस्तूंना हात लावणे तर सोडाच, क्षणभर पाहणेही जिवावर बेतणारे होते. तिथे दांडगाईपेक्षा सबुरी हवी. म्हणून माझे म्हणणे असे की 50 हा आकडा वजनाने ठरवला आणि 30 हा धोक्याने.

मग आठव्या अध्यायातल्या 25 चे काय? तालमुदाच्या हुल्लीन या प्रकरणात ज्यू आचार्यांनी तोडगा काढला आहे: पंचविसाव्या वर्षी शिकायला यावे, तिसाव्या वर्षी कामाला लागावे. पाच वर्षांच्या उमेदवारीची ही कल्पना सुरेख आहे, पण मूळ अध्यायात शिकण्याचा उल्लेख नाही. सेवेला यावे एवढेच म्हटले आहे. त्याहून साधा उलगडा असा की चौथा अध्याय प्रवासातल्या ओझ्याविषयी बोलतो आणि आठवा दर्शनमंडपातल्या एकूण सेवेविषयी. म्हणूनच पन्नाशीनंतरही लेवीने भाऊबंदांबरोबर राखण करावी, अंगमेहनत मात्र सोडावी, असे तिथे सांगितले आहे. नकलाकारांचा तर्कही इथेच अडतो. प्राचीन ग्रीक भाषांतरात चौथ्या अध्यायातदेखील 25 च आहे. विसंगती खुपली की आकडे जुळवून घेण्याकडे कल असतो. हिब्रू पाठात दोन्ही आकडे वेगळे राहिले, ते दोन्ही जुने मानले जात म्हणून.

पहिल्या इतिहासात दावीद तिशीपासूनचे लेवी मोजतो, ते 38,000 भरतात. त्याच अध्यायात पुढे वय 20 वर येते. कारणही दिले आहे: देवाने आपल्या लोकांना विसावा दिला, आता लेवींना निवासमंडप वाहून न्यायचा नाही. याहून बोलकी गोष्ट म्हणजे 50 ची मर्यादा इथे नाहीशी होते. 30 घ्या की 20, पुढे ‘आणि त्याहून अधिक’ एवढेच. ओझे उतरले तशी वयाची दोन्ही टोके सैल झाली.

यावर एक वजनदार आक्षेप आहे: खरे कारण टंचाईचे. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलहून परतलेले याजक 4,289 आणि लेवी अवघे 74. 128 गवई आणि द्वारपाळांचे 139 वंशज वेगळे मोजूनही तफावत प्रचंडच. पुढे खुद्द एज्राच्या तांड्यात अहवा नदीकाठी एकही लेवी सापडला नाही. माणसे धाडून जेमतेम 38 मिळवले. मंदिराच्या बांधकामावर देखरेखीला 20 वर्षांचे लेवी नेमले तेही याच परतीच्या काळात. इतिहासकार निर्वासनानंतर लिहितो, तेव्हा आपल्या काळची वहिवाट त्याने दाविदाच्या नावे घातली असेल, हे मला मान्य आहे. पण टंचाईने मर्यादा का उतरवावी लागली ते कळते. ती उतरवता का आली ते कळत नाही. कोश खांद्यावर असता तर माणसे कमी पडतात म्हणून विशीतले पोर त्याखाली उभे केले नसते.

याजकांशी तुलना केली की चित्र स्पष्ट होते. याजकाला तोरातील नियमांत वयाची अट नाही; शरीरातले व्यंग मात्र त्याला वेदीपासून दूर ठेवते. लेवीचे नेमके उलट: व्यंग आड येत नाही, वय येते. आणि हुल्लीनमध्येच म्हटले आहे की कायमच्या मंदिरात लेवी वयामुळे नव्हे, आवाज गेल्यामुळे अपात्र ठरतो. वय हे लेवीच्या पावित्र्याचे माप कधीच नव्हते, ते त्याच्या हातातल्या कामाचे होते. आवाजापर्यंत आलोच आहोत, तर पुढच्या आठवड्यात गवई नक्की. पहिल्या इतिहासाचा पंचविसावा अध्याय तेवढा वाचून ठेवा.