सोलापूरची मैफल आणि लतादीदींच्या नावाचा पुरस्कार

दि. ९ सप्टेंबर १९३८ रोजी सोलापुरात मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्यासमवेत त्यांची नऊ वर्षेही पूर्ण न झालेली कन्या प्रथमच जाहीर मैफलीत गायिली. खंबावती राग सादर करून झाल्यावर, वडील गात असताना ती त्यांच्या मांडीवर डोके ठेवून झोपी गेली. त्या मुलीचे, म्हणजेच लता मंगेशकर यांचे नाव पुढे दोन राज्यांच्या संगीत पुरस्कारांना लाभले.

लतादीदींचे जन्मस्थान असलेले इंदूर ज्या राज्यात आहे, त्या मध्य प्रदेशाने १९८४ मध्ये आपला पुरस्कार सुरू केला. नौशाद त्याचे पहिले मानकरी ठरले. महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार १९९२ पासून दिला जातो. माणिक वर्मा यांच्यापासून सुरू झालेल्या या परंपरेत श्रीनिवास खळे, जितेंद्र अभिषेकी, आशा भोसले, सुधीर फडके आदींचा समावेश आहे.

लतादीदींची कीर्ती चित्रपटगीतांमुळे झाली, तरी पुरस्कार तेवढ्यापुरता मर्यादित राहिला नाही. २०१० मध्ये लावणीगायिका सुलोचना चव्हाण, २०१५ मध्ये व्हायोलिनवादक प्रभाकर जोग आणि २०२५ मध्ये गझलगायक भीमराव पांचाळे यांचा गौरव झाला.

प्रदीर्घ सेवेचा सन्मान असल्याने तो बहुधा उतारवयात लाभतो. २०१४ च्या पुरस्कारासाठी निवड झालेल्या कृष्णा कल्ले यांचे मार्च २०१५ मध्ये निधन झाले. गौरव वेळेवर होणे किती अगत्याचे आहे, हेच यातून दिसते.