पेढीची पाटी आणि फाइलींची पाठवणी

पेढीच्या दारावरील भावाची पाटी सकाळी लिहावी आणि दिवसभर तिच्याशी इमान राखावे, ही आपल्या बाजारपेठेची जुनी रीत. आज अनेक सभासदांची ही पाटी संकेतस्थळावर लागली आहे. परंतु ती तेथे पोहोचते कशी, हे मालकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. "ते मुलांना कळते," असे म्हणून आपण मोकळे होतो. आमच्या पेढीनेही तेच केले आणि त्याची किंमत मोजली.

संकेतस्थळ म्हणजे वस्तुतः फाइलींची चळत होय. मजकुराची पाने, मालाची छायाचित्रे, भावपत्रक हे सारे प्रथम आपल्या दुकानातील संगणकावर तयार होते. जगाला ते अहोरात्र दिसावे म्हणून भाड्याने घेतलेल्या दूरच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, नेऊन ठेवावे लागते. ही ने-आण करणाऱ्या साधनांपैकी 'फाइलझिला' हे विनामूल्य व सर्वपरिचित आहे. त्यात सर्व्हरचा पत्ता, आपले नाव व परवलीचा शब्द घातला की पडद्यावर दोन कोठारे उघडतात. डावीकडे आपले, उजवीकडे दूरचे. डावीकडील फाइल उजवीकडे ओढली की माल रवाना झाला.

आता आमची हकीकत. काही वर्षांपूर्वी स्टीलच्या भांड्यांचे नवे भाव आम्ही संकेतस्थळावर चढविले. दोन दिवसांनी पुतण्याने काही छायाचित्रे पाठविताना जुन्या संगणकावरील सबंध कप्पाच उजवीकडे ओढला. "या नावाची फाइल तेथे आहे, बदलू काय?" असे साधनाने विचारले. घाईत त्याने सर्वांना होकार दिला. नव्या भावपत्रकावर गतवर्षीचे भावपत्रक बसले. "पाठविलेली फाइल अधिक नवी असेल तरच बदलावी," हा पर्याय त्याच चौकटीत होता. त्याकडे त्याचे लक्ष गेले नाही.

सकाळी फोंड्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची मोठी मागणी आली, ती जुन्या भावाने. पुतण्या म्हणाला, "चूक यंत्राची आहे, असे कळवू." वडीलबंधूंनी मान हलविली. "पाटी आपली, अक्षर आपले. माल त्याच भावाने जाईल." नुकसान सोसले, पण त्या दिवसापासून ही पाठवणी आम्ही स्वतः शिकून घेतली.

शिकताना एक अभिमानाची गोष्ट कळली. या ने-आणीचे नियम प्रथम एका भारतीयाने लिहिले. कानपूरच्या आय.आय.टी.चे पदवीधर अभय भूषण यांनी अमेरिकेतील एम.आय.टी.त असताना एप्रिल १९७१ मध्ये 'फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल'चा, म्हणजेच एफ.टी.पी.चा, पहिला मसुदा प्रसिद्ध केला. त्या काळी जाळ्यावर मोजकेच संगणक होते. त्यामुळे साध्या एफ.टी.पी.त परवलीचा शब्द पोस्टकार्डावरील मजकुरासारखा उघडा जातो व वाटेत कोणीही वाचू शकतो. पुढे १९९५ साली फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी 'एस.एस.एच.' ही कुलूपबंद वाट तयार केली. तिच्यावरून चालणारी रीत ती 'एस.एफ.टी.पी.'. साध्या एफ.टी.पी.चा दरवाजा २१ क्रमांकाचा, तर हिचा बहुधा २२ क्रमांकाचा असतो. क्रोम व फायरफॉक्स या न्याहाळकांनीही २०२१ साली साध्या एफ.टी.पी.चा आधार काढून घेतला.

म्हणून व्यापारी बंधूंना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. सर्व्हरचे नाव व परवलीचा शब्द तिजोरीच्या किल्लीप्रमाणे मालकाच्या हाती असावा, आणि काम पाहणारा नोकर बदलला की तो शब्दही बदलावा. पाठवणी एस.एफ.टी.पी.नेच करावी. नवी फाइल पाठविण्यापूर्वी तेथील जुनी फाइल आपल्याकडे उतरवून, तारीख घालून जपावी. आणि काम होताच संकेतस्थळ स्वतः उघडून, गिऱ्हाइकाच्या नजरेने एकवार वाचावे. छायाचित्र दिसत नसेल तर फाइलीचे नाव तपासावे, कारण पुष्कळ सर्व्हर इंग्रजीतील लहान व मोठी अक्षरे भिन्न मानतात.

दिवसाअखेर रोजमेळ जुळविल्याशिवाय आपले वडील पेढी बंद करीत नसत. संकेतस्थळाचा हा मेळही तितकाच अगत्याचा आहे. पाटी दूर लागली, म्हणून तिच्यावरील शब्द परका होत नाही.