कमरूनागाच्या तळ्यातलं सोनं

हिमाचल प्रदेशातल्या मंडी जिल्ह्यात, तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर, देवदारांच्या रानात एक लहानसं तळं आहे. काठाला उतरत्या छपराचं लाकडी देऊळ, आत कमरूनाग. या देवाला जे वाहायचं ते पाण्यात. नाणी, नोटा, चांदी, आणि नवस फेडायचा असेल तर अंगावरचा दागिनासुद्धा. बाया कानातलं, बांगडी उतरवतात, हात जोडतात आणि तळ्यात सोडून देतात. एकदा पाण्यात गेलेलं परत काढायचं नाही, हा इथला दंडक. कित्येक पिढ्यांचं सोनं त्या गाळात उतरलं आहे.

कमरूनाग म्हणजे महाभारतातला रत्नयक्ष, असं मंडीकर सांगतात. हरणाऱ्या बाजूने लढायचं, असा त्याचा पण होता. कृष्णाने ओळखलं की हा कौरवांकडे जाणार, आणि त्याचं शिरच मागून घेतलं. युद्ध बघण्याची त्याची इच्छा मात्र राखली. शिर उंच काठीवर बांधलं. राजस्थानातल्या खाटूश्यामची कथा ठाऊक असलेल्यांना यातला बर्बरीक लगेच ओळखू येईल. पुढे पांडवांनी त्याला देव मानलं आणि हिमालयाकडे जाताना आपलं धन याच तळ्यात ठेवलं, असंही म्हणतात.

मंडीच्या शेतकऱ्याला मात्र तो पावसाचा देव म्हणून जवळचा. पाऊस ओढ देऊ लागला की गावकरी त्याच्याकडे साकडं घेऊन चढतात. त्याची मोठी जत्रा, सरानाहुली, आषाढ संक्रांतीला, म्हणजे 14-15 जूनच्या सुमारास भरते. तिथला महिना सौर, त्यामुळे हा आषाढ आपल्या आषाढीच्या आधी येतो. आपल्याकडे मृग लागून आठवडा झालेला असतो, पेरणीसाठी माणसं आभाळाकडे बघत असतात. तिकडेही डोळे तिथेच लागलेले. रोहांडा गावापासून सहा-एक किलोमीटरचा खडा चढ चढून म्हातारीकोतारी, कडेवर पोरं घेतलेल्या आया वर येतात. हिवाळ्यात हीच वाट बर्फाखाली जाते.

शिवरात्रीच्या मेळ्याला मंडी शहरात खोऱ्याखोऱ्यांतले देव रथांतून उतरतात. कमरूनागाला रथ नाही. त्याची निशाणी घेऊन कारदार, म्हणजे देवाचा कारभार पाहणारे, चालत येतात. तो पोचल्यावरच मेळ्याला खरी सुरुवात होते, आणि त्याचा मुक्काम टारना टेकडीवरच्या देवळात असतो. एवढा मान असलेला देव इतक्या साधेपणाने येतो, हे मला फार भावतं.

खजिना म्हटलं की चोर आलेच. तळ्याला हात लावणारा आंधळा झाला, खजिना न्यायला निघालेला इंग्रज अधिकारी वाटेतच आजारी पडला, तळ्यावर नागाचा पहारा आहे, अशा गोष्टी घरोघरी सांगतात. माझ्या मते खरा पहारा माणसांचा आहे. ज्या घरातल्या आजीची नथ त्या गाळात आहे, ते घर तळं उपसू देणार नाही. वर्तमानपत्रं अधूनमधून कोट्यवधींचे आकडे छापतात. त्या आकड्यांना आधार कसला? सोनं कुणी तोललेलंच नाही.

या पहाऱ्याची किंमत कळते ती कोलंबियातल्या ग्वाताविता तळ्याकडे पाहिल्यावर. तेही डोंगरातलं, तिथेही मुईस्का लोक देवाला सोनं अर्पण करत. स्पॅनिश आले आणि सोळाव्या शतकात त्यांनी पाणी काढायला काठाचा डोंगरच कापला. ती खाच आजही दिसते. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका इंग्रज कंपनीने तळं जवळजवळ कोरडं केलं, तर उघडा पडलेला चिखल उन्हाने दगडासारखा घट्ट झाला. हाती आलं ते थोडकं. 1965 मध्ये सरकारने तळ्याला संरक्षण दिलं, पण तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. कमरूनागाच्या तळ्यावर ही वेळ आली नाही, याचं श्रेय तिथल्या गावांना द्यायला हवं.

हिमाचलला जाणारे मराठी पर्यटक शिमला-मनालीवरच थांबतात. मंडीहून वाकडी वाट करून जूनमध्ये इथे अवश्य जा. गरम कपडे न्या, प्लास्टिक खाली परत आणा, आणि तळ्यात किती सोनं असेल हा प्रश्न तिथल्या माणसांना विचारू नका.