चंद्रावरची धूळ

माणसाला पुन्हा चंद्रावर उतरवायचे म्हटले की प्रथम आठवतात ते प्रचंड अग्निबाण. परंतु या तयारीत गुंतलेल्या अभियंत्यांना एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूनेही बेजार केले आहे. ती वस्तू म्हणजे धूळ.

डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ मोहिमेतील युजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट चंद्रावर सुमारे तीन दिवस राहिले. तीन फेऱ्या मिळून ते यानाबाहेर होते जेमतेम २२ तास. तेवढ्यात धुळीने हातमोज्यांचे बाहेरचे आवरण झिजले, पोशाखांचे सांधे आखडू लागले. पोशाखांना चिकटून धूळ यानात आली आणि श्मिट यांचे नाक चोंदले. तीन दिवसांत ही अवस्था, तर कित्येक आठवडे राहणाऱ्यांचे काय होईल?

धूळ आपल्याकडेही असतेच. मग चंद्रावरच्या धुळीत वेगळे काय आहे?

नदीतील वाळू आणि नुकत्याच फोडलेल्या खडीचा चुरा शेजारी-शेजारी ठेवून भिंगातून पाहा. वाहताना घासल्यामुळे वाळूच्या कणांच्या कडा बोथट झालेल्या दिसतील, तर चुऱ्याच्या कडा धारदार. चंद्रावर वाराही नाही आणि वाहते पाणीही नाही. तेथे अब्जावधी वर्षे सूक्ष्म उल्का आदळत आहेत. वातावरण नसल्याने त्या वाटेत जळून जात नाहीत. त्यांच्या आघाताने खडकाचा चुरा होतो. काही भाग वितळतो व लगेच थिजून त्याची काच बनते. या कणांच्या कडा बोथट करणारे तेथे काहीच नाही.

दुसरा गुण विद्युतभाराचा. सूर्याचे अतिनील किरण थेट कणांवर पडून त्यांतील इलेक्ट्रॉन बाहेर काढतात आणि कण धनभारित होतात. कंगव्याने कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग पावसाळ्यात फसतो, कारण दमट हवेत भार निघून जातो. चंद्रावर ओलावाच नसल्याने भार टिकतो आणि धूळ पोशाखाला चिकटून बसते.

तिसरी अडचण उतरतानाची. इंजिनाच्या झोताने उडालेल्या कणांना अडवायला हवा नसते. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ हे सर्व्हेअर-३ या जुन्या यानापासून सुमारे दीडशे मीटरांवर उतरले. सर्व्हेअरचे जे भाग पृथ्वीवर आणले गेले, त्यांवर उडालेल्या कणांच्या माऱ्याच्या खुणा आढळल्या. उद्या वस्तीजवळ याने उतरू लागली, तर हाच मारा घरांवर आणि उपकरणांवर होईल.

सर्वांत काळजीचा प्रश्न फुप्फुसांचा. दगडाची बारीक धूळ श्वासातून जाऊन खाणमजुरांना सिलिकोसिस होतो, हे आपण जाणतो. म्हणूनच सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी नासाने हवेतील चंद्रधुळीची मर्यादा घनमीटरला ०.३ मिलिग्रॅम ठरवली आहे.

यावर उपाय शोधले जात आहेत. पृष्ठभागात बारीक तारा बसवून त्यांतील विद्युतदाब क्रमाने बदलत ठेवला, की विद्युतक्षेत्राची लाट सरकते आणि कणांना ढकलत नेते. ज्या भाराने धूळ चिकटते, तोच येथे उपयोगी पडतो! मार्च २०२५ मध्ये ब्लू घोस्ट यानावर या तंत्राची प्रत्यक्ष चंद्रावर यशस्वी चाचणी झाली. पोशाख बाहेरच अडकवून माणसाने त्याच्या पाठीतून आत शिरावे, अशीही एक योजना आहे. चपला दाराबाहेर काढण्याचाच हा प्रकार.

अशा चाचण्यांसाठी पृथ्वीवर कृत्रिम चंद्रमाती लागते. तमिळनाडूतील सित्तमपुंडी येथील अ‍ॅनॉर्थोसाइट खडक चंद्रावरील उंच प्रदेशांतील खडकांसारखा आहे. तो दळून इस्रोने चांद्रयान-२ च्या चाचण्यांसाठी माती तयार केली होती.

वर्गात विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: घरातील धूळ आपण फुंकतो, पुसतो किंवा धुतो. चंद्रावर यांपैकी कोणता उपाय चालेल, कोणता नाही, आणि का?