देहातला काटा आणि देवाचे सामर्थ्य

सामर्थ्य आणि दुर्बलता यांविषयीचा ख्रिस्ती विचार सर्वांत ठळकपणे मांडला गेला तो एका वादातून. करिंथची ख्रिस्ती मंडळी प्रेषित पौलानेच उभी केली होती. तेथे त्याने दीड वर्ष काढले होते. पुढे तेथे दुसरे उपदेशक आले. वक्तृत्व, शिफारसपत्रे, मोठेपणाचा तोरा, सारे त्यांच्यापाशी होते. पौलाची पत्रे तेवढी जरबेची, समोर उभा राहिला की माणूस अगदीच सामान्य, अशी टीका होऊ लागली. इ. स. ५५-५६ च्या सुमारास लिहिलेल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे शेवटचे चार अध्याय म्हणजे या टीकेला दिलेले उत्तर.

करिंथ हे मानासाठी झटणारे शहर होते. इ. स. पू. ४४ मध्ये जुलियस सीझरने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवले. एरास्तस नावाच्या अधिकाऱ्याने स्वखर्चाने फरसबंदी केल्याचा शिलालेख तेथे सापडला आहे. केलेले दान दगडात कोरून घ्यायचे, ही तिथली रीत.

अशा लोकांपुढे पौल आपली यादी ठेवतो. पाच वेळा ३९ फटके, तीनदा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीनदा फुटलेले जहाज. यादीनंतर येतो तो दिमिष्कचा प्रसंग. अरीतास राजाच्या अधिकाऱ्याने शहरावर पहारा बसवला, तेव्हा पौलाला पाटीत बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडण्यात आले. शत्रूच्या तटावर पहिल्यांदा चढणाऱ्या शिपायाला रोमन सैन्यात सोन्याचा मुकुट मिळे. पौल सांगतो ते तटावरून उतरून पळाल्याचे, आणि तेही अभिमानाची गोष्ट म्हणून.

मग देहातल्या काट्याचा उल्लेख येतो. हा काटा म्हणजे डोळ्यांचा विकार, हिवताप, की विरोधकांचा छळ, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पौलाने तो निघावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे आणि दुर्बलतेतच सामर्थ्य पूर्णत्वाला जाते, असे उत्तर मात्र मिळाले.

या उत्तराचा विपर्यास फार झाला आहे. पौल दुखण्याला चांगले म्हणत नाही. ते जावे म्हणूनच तो प्रार्थना करतो. अन्याय मुकाट्याने सोसण्याचा उपदेशही येथे नाही. फिलिप्पैत बेकायदा फटके मारणाऱ्या अधिकाऱ्यांना त्याने स्वतः येऊन आपल्याला तुरुंगाबाहेर न्यायला लावले, असे प्रेषितांची कृत्ये सांगते. त्याचे म्हणणे एवढेच, की स्वतःचा आधार सुटतो तेथे देवाच्या कामाला जागा होते. याचा पाया वधस्तंभ आहे. ख्रिस्त दुर्बलतेत वधस्तंभावर खिळला गेला आणि देवाच्या सामर्थ्याने जिवंत आहे, हे पौलाला आपल्या साऱ्या सेवेचे माप वाटते. म्हणून त्याच्या लेखी अधिकाराची कसोटीही एकच: त्याने माणसे उभी राहतात की कोसळतात.

या पत्रानंतर पौल पुन्हा करिंथला गेला. रोमकरांस पत्र त्याने तेथूनच लिहिले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अशक्तांचा भार सशक्तांनी वाहावा, असे त्या पत्राच्या पंधराव्या अध्यायाच्या आरंभीच त्याने सांगितले आहे.