सही कुणाची?

अण्णांच्या वहीला सहा रकाने आहेत. तारीख, नाव, नग आणि भाव हे पहिले चार कुणाच्याही वहीत सापडतील. पाचवा ‘का घेतलं’ आणि सहावा ‘कुठून कळलं’. वही म्हणजे दिवाळीत पूजेला मांडतात ती लाल कापडी बांधणीची खतावणी. अण्णांची हयात चादरीच्या एका पेढीवर दिवाणजी म्हणून गेली. पेढी सुटली, मांडी घालून हिशेब लिहायची सवय सुटली नाही. सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत ते रविवारी सकाळी बसतात आणि पेठेतली, बाळीवेशीकडची, साखर पेठेतली ओळखीची माणसं आपापले कागद घेऊन येतात. कुणाला फंडाचं स्टेटमेंट उमगत नाही, कुणाला कंपनीचं पत्र आलेलं असतं, कुणाला भाच्याने मोबाइलवर काहीतरी पाठवलेलं असतं. काही रविवार मीही कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलो.

सहावा रकाना चाळण्यासारखा आहे. जुन्या पानांवर तिथे ‘मेहुणे’, ‘पेपरात’, ‘ब्रोकरकडे चर्चा’ असं दिसतं आणि त्या ओळीच्या टोकाला पुढे काय झालं ते तांबड्या शाईत. अलीकडच्या पानांवर मेहुणे नाहीत. ‘वार्षिक अहवाल’, ‘बीएसईवरची सूचना’, ‘फंडाचं मासिक पत्रक’ अशा नोंदी आहेत. हा बदल कसा झाला म्हणून विचारलं, तर अण्णा पेढीवरचं सांगतात. सोलापुरी चादरीला २००५ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळालं, पण ‘सोलापुरी’ म्हणून खपणारा पानिपतचा माल त्याने थांबला नाही. लेबल कुणीही छापतं. गिऱ्हाइकाने ‘अस्सल कशावरून?’ म्हटलं की त्यांचे मालक पक्कं बिल फाडून हातात द्यायचे. त्यावर पेढीचं नाव, पत्ता आणि सही. “कागदाखाली नाव घालायला जो तयार, त्याचं खरं धरायचं,” अण्णा म्हणतात. “बाकीच्यांचं ऐकायचं, चहा प्यायचा, सोडून द्यायचं.”

एका रविवारी नात्यातला एक मुलगा आला. पुण्यात नोकरी, सुट्टीला घरी आलेला. टेलिग्रामवरच्या ग्रुपात रोज सकाळी एक शेअर, त्याचं टार्गेट आणि स्टॉपलॉस येतो म्हणाला. ग्रुपच्या माथ्यावर ‘सेबी नोंदणीकृत’ आणि पुढे आयएनएचने सुरू होणारा क्रमांक. “अण्णा, रजिस्टर्ड हाय की!” अण्णांनी नातीचा लॅपटॉप पुढे ओढला. सेबी ही शेअर बाजाराची नियामक संस्था; तिच्या संकेतस्थळावर नोंदणी असलेल्यांच्या याद्या कुणालाही पाहता येतात. गुंतवणूक सल्लागारांचा क्रमांक आयएनएने सुरू होतो, त्यांचे नियम २०१३ चे. संशोधन विश्लेषकांचा आयएनएचने, त्यांचे नियम २०१४ चे. म्युच्युअल फंड विकणाऱ्याकडे असतो तो एआरएन क्रमांक, आणि तो विक्रेत्याचा असतो, सल्लागाराचा नव्हे. मुलाच्या ग्रुपवरचा क्रमांक टाकला. नाव आलं, पत्ता आला, फोन नंबर आला. क्रमांक अगदी खरा होता. फक्त तो दुसऱ्याच माणसाचा, दुसऱ्याच राज्यातला होता, आणि ग्रुपवरचा मोबाइल नंबर त्या नोंदीत कुठेच नव्हता.

बहुतेक जण क्रमांक खरा निघाला की तिथेच थांबतात. फोन लावायचा तो यादीतल्या नंबरवर, मेसेजमधल्या नाही. मुलाने लावला. रविवार असूनही पलीकडच्या गृहस्थांनी उचलला आणि वैतागून सांगितलं, की असं विचारणारे तुम्ही काही पहिले नाही.

पोरगा सोलापूरचा, एवढ्यावर ऐकतो कसला. “पण त्यांचे तीन कॉल बरोबर निघाले अण्णा.” अण्णा हसले. “ज्यांचं बरोबर निघालं ते ग्रुपात बोलत्यात बे. बाकीचे ग्रुप सोडून गेले, ते कशाला बोलतील?” मग त्यांनी सेबीचाच सप्टेंबर २०२४ चा अभ्यास उघडून दाखवला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. मुलाने स्क्रीनचा फोटो काढून घेतला. ग्रुप सोडला का, ते मी विचारलं नाही.

सोलापूरच्या माणसाला दुसरा मोह असतो गावच्या कंपनीचा. बालाजी अमाइन्स १९८८ ची. कचेरी शहरात, कारखाने तुळजापूर रस्त्याला तामलवाडीत आणि पुणे रस्त्याला चिंचोळी एमआयडीसीत. प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा शेअर फेब्रुवारी २०१६ मध्ये बाजारात आला. कुणाचा तरी पुतण्या शिफ्टला असतोच आणि गेटबाहेर टँकर किती उभे होते ही बातमी रात्रीपर्यंत टिळक चौकात पोचते. बालाजी अमाइन्सचा शेअर मार्च २०२० च्या पडझडीत तीनशेच्या खाली गेला होता. २०२१ मध्ये तो पाच हजारांच्या पुढे गेला आणि पुढच्या दोन वर्षांत निम्म्याहून खाली उतरला. टँकर बहुधा सगळ्या काळात उभे होते. मेथनॉल आणि अमोनिया हा कच्चा माल काय भावाने आला, अमाइन काय भावाने गेलं, हे गेटवरून दिसत नाही. आणि पुतण्याची बातमी आतली नि खरी निघाली, तर आणखीच पंचाईत: जाहीर न झालेल्या माहितीवर शेअर घेणं सेबीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे गुन्हा आहे. म्हणजे गावची बातमी खोटी असली तर पैसे जाणार आणि खरी असली तर नोटीस येणार.

त्यापेक्षा कंपनीने सही करून दिलेले कागद बघावेत, आणि ते फुकट आहेत. बीएसईच्या संकेतस्थळावर ५३०९९९ हा बालाजी अमाइन्सचा कोड टाकला की सगळं ओळीने पडतं. तिमाहीचा निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत द्यावा लागतो, वर्षाचा ६० दिवसांत. कुणाकडे किती शेअर आहेत आणि प्रवर्तकांनी त्यातले किती गहाण टाकलेत, हे दर तिमाहीला २१ दिवसांत.

वार्षिक अहवाल अण्णा उलट्या बाजूने वाचतात. पुढची गुळगुळीत पानं, हेल्मेट घातलेले हसरे कामगार, अध्यक्षांचं पत्र हे सगळं ते अंगठ्याने सरकवतात. पहिलं थांबणं लेखापरीक्षकाच्या अहवालावर. मत स्वच्छ आहे, की ‘अमुक बाब वगळता’ आहे? खाली सही, तारीख आणि यूडीआयएन नावाचा अठरा आकडे-अक्षरांचा क्रमांक. जुलै २०१९ पासून सनदी लेखापालाच्या अशा प्रत्येक सहीला तो लागतोच, आणि आयसीएआय या लेखापालांच्या संस्थेच्या पोर्टलवर टाकला की सही खरी की खोटी ते कुणालाही कळतं. मग कोऱ्या पानावर दोन ओळी: तीन वर्षांचा नफा वर, त्याच तीन वर्षांत धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड खाली. वरची ओळ चढत असेल आणि खालची जागची हलत नसेल, तर अण्णा पेन्सिलीने तिच्याभोवती गोल करतात. दिवाणजीला हे शिकवावं लागत नाही. माल गेला, बिल लागलं, वसुली नाही, ही त्यांची रोजची डोकेदुखी होती. नंतर येतात नातलगांच्या कंपन्यांशी झालेले व्यवहार, आणि टिपांमध्ये बारीक अक्षरात दडवलेले कोर्टकज्जे नि करांचे दावे. एका अहवालाला अख्खी सकाळ जाते. मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या व्हिडिओला ही सकाळ कशी परवडणार?

हे सगळं इंग्रजीत आहे, हे मला खटकतं. सेबीने गुंतवणूकदारांसाठी केलेलं बरंच साहित्य मराठीतही आहे, पण कंपनीची मूळ कागदपत्रं नाहीत. अण्णांना पेढीच्या पत्रव्यवहारामुळे इंग्रजी येतं. ज्याला येत नाही, तो भाच्याच्या मेसेजवरच विसंबणार.

शोधणं हे अर्धं काम. घेतलेलं नीट सांभाळणं दुसरं. १४ ऑक्टोबर २०२५ ला टाटा मोटर्सचे शेअर असलेल्या एका निवृत्त मास्तरांच्या ॲपवर चाळीस टक्के तोटा लाल अक्षरांत उमटला आणि मास्तर रविवारची वाट न बघता धावत आले. पडलं काहीच नव्हतं. कंपनीचे दोन भाग झाले होते, मोटारी एकीकडे आणि ट्रक-बस दुसरीकडे. शेअर होता तेवढाच राहिला आणि त्याच्या जोडीला ट्रकच्या कंपनीचा एकास एक मिळणार होता. मिळेपर्यंत ॲपला फक्त उरलेल्या निम्म्याचा भाव दिसत होता. नवा शेअर बाजारात १२ नोव्हेंबरला आला. मधला महिनाभर तो लाल आकडा तसाच, आणि त्याखाली अर्थातच कुणाची सही नाही. एक्स्चेंजच्या सूचनेत मात्र सगळं आधीपासून लिहिलेलं होतं. अण्णांनी मास्तरांच्या वहीत मूळ खरेदीचा खर्च दोन कंपन्यांत विभागून लिहायला लावला. त्याचं प्रमाण कंपनी जाहीर करते, आणि विकताना कर त्यावरच निघतो.

ॲपपेक्षा अण्णांचा भरवसा एकत्रित खाते-उताऱ्यावर, म्हणजे कॅसवर आहे. एनएसडीएल (१९९६) आणि सीडीएसएल (१९९९) या दोन डिपॉझिटरींकडून तो ईमेलने येतो. व्यवहार झालेल्या महिन्यात, नाहीतर सहा महिन्यांनी. पॅन मोठ्या लिपीत टाकला की फाइल उघडते आणि डीमॅटमधले शेअर नि फंडाचे युनिट एका जागी दिसतात. नग वहीतल्या नगाशी जुळवायचे, बस. पण त्यात बँकेतली ठेव नाही, पोस्ट नाही, पतसंस्था नाही, आणि ट्रंकेत पडलेले कागदी शेअर तर नाहीतच.

असे ट्रंकेतले शेअर घेऊन एका रविवारी ओळखीतल्या एक वहिनी आल्या होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. प्लॅस्टिकच्या पिशवीत टेल्कोच्या ५० शेअरचं १९९६ चं सर्टिफिकेट, आणि त्याच्यासोबत कधी बँकेत न भरलेले लाभांशाचे वॉरंट. टेल्को नावाची कंपनी आता कुठेच दिसत नाही म्हणून मुलांनी ‘रद्दी’ म्हटलेलं. अण्णांनी पेन्सिल घेतली. २००३ मध्ये नाव बदलून टाटा मोटर्स. २०११ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच, म्हणजे ५० चे २५०. २०२५ मध्ये त्या २५० सोबत दुसऱ्या कंपनीचे २५०. वहिनींनी पिशवी मांडीवरून उचलून छातीशी धरली.

अडचण पुढे होती. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही तर तो आणि मागोमाग शेअरही केंद्र सरकारच्या आयईपीएफ या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातात. तिथल्या शोधात नाव नि फोलिओ टाकला आणि नोंद सापडली: शेअर तिकडे गेलेले. बुडालेले नाहीत, पण परत आणायला आधी वारस म्हणून कंपनीकडे कागद, मग कंपनीचं हक्कपत्र, मग आयईपीएफ-५ हा अर्ज. हे काम कमिशनवर करून देतो म्हणणारे फोन वहिनींना येऊन गेले होते. वहिनींचं नाव फोन करणाऱ्यांना कुठल्या यादीतून मिळालं असेल, हे ती शोधपेटी पाहून माझ्या लक्षात आलं.

बँकेच्या ठेवींवर अण्णा फार बोलत नाहीत, सोलापूरला ते सांगावं लागत नाही. इथल्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २२ सप्टेंबर २०२२ रोजी रद्द केला. जवळपास ९९ टक्के ठेवीदारांची पूर्ण रक्कम ठेव विम्यातून मिळेल असं रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितलं, कारण विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्येच १ लाखावरून ५ लाख झाली होती. ही मर्यादा दर माणशी, दर बँक, आणि व्याज धरून. पतसंस्थेला हा विमा नाहीच. तिथे व्याज किती हे विचारण्याआधी ऑडिटचा वर्ग कोणता ते विचारायचं, अ की ड, आणि तो कुणी सही करून दिलाय तेही.

“मग मिळाल्यावर विकू का ठेवू?” वहिनींनी उठता उठता विचारलं.

“ते मी सांगायचं नाही वहिनी. माझ्याकडं सेबीचा नंबर नाही.”

“तुम्हाला कशाला पाहिजे नंबर? एवढं सगळं तुम्हीच तर सांगितलंत.”

“सगळं कागदावरचं सांगितलं. विका म्हणणं हे माझ्या पदरचं होईल.” त्यांनी सेबीच्या यादीतली आयएनए क्रमांकाची दोन नावं फोनसकट चिठ्ठीवर लिहून दिली. फी किती ते आधी विचारा, आणि काही विकून कमिशन मिळतं का तेही विचारा, असं दोनदा बजावलं. फी द्यायची म्हटल्यावर वहिनींचा चेहरा पडला. त्यांनी चिठ्ठी पिशवीत टाकली आणि वारसाचे कागद आधी की डीमॅट खातं आधी, ते पुन्हा एकदा विचारून घेतलं.

“खातं काढायला टाका,” अण्णा म्हणाले. “तोवर मृत्यूच्या दाखल्याच्या तीन प्रती साक्षांकित करून घ्या.”